क्रमवारीतल्या भाषा आणि कामावरच्या भाषा

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी ज्या नियमबद्ध पद्धतीने सूचना लिहिल्या जातात, तिला प्रोग्रॅमिंग भाषा म्हणतात. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा ग्राहकांच्या हाती दिली, तेव्हापासून अशा भाषा शेकड्यांनी जन्माला आल्या. पण ज्यांच्यावर पोट भरता येईल अशा भाषा कोणत्याही काळात मोजक्याच राहिल्या. त्यामुळे सध्या कशाची चलती आहे, हा प्रश्न बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला, क्लास चालवणाऱ्याला आणि नोकरी देणाऱ्याला सारखाच जिव्हाळ्याचा असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून दरमहा, दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या क्रमवाऱ्या पुढे केल्या जातात. या क्रमवाऱ्यांत चढउतार दिसतात हे खरे, परंतु ते नेमके कशाचे चढउतार आहेत हे तपासल्याखेरीज त्यांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे लागोपाठ वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे या तपासणीला विशेष सोयीची आहेत. कारण बाजारपेठ, औद्योगिक वसाहत, महाविद्यालये आणि रोज लोकलने ठाणे-नवी मुंबई गाठणारा नोकरदार वर्ग येथे अगदी जवळजवळ नांदतो, आणि यांपैकी प्रत्येकाच्या कामाची भाषा निराळी आहे.

क्रमवाऱ्यांपैकी सर्वांत जास्त उल्लेख होतो तो नेदरलँड्समधील टिओबे या कंपनीच्या निर्देशांकाचा. २००१ पासून चालत आलेल्या या निर्देशांकाची रीत साधी आहे: भाषेचे नाव आणि त्यापुढे ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द अशी जोडी अनेक शोधयंत्रांना विचारायची, प्रत्येकाला किती पाने सापडली ते नोंदवायचे, त्या आकड्यांना ठरावीक वजन देऊन बेरीज करायची आणि सर्व भाषा मिळून शंभर धरून टक्केवारी काढायची. म्हणजे एखाद्या भाषेत किती लोक काम करतात किंवा किती ओळी लिहिल्या जातात हे येथे मोजलेच जात नाही, तर तिच्याविषयी किती ठिकाणी काही लिहिले गेले आहे हे मोजले जाते, आणि खुद्द कंपनीही हा निर्देशांक उत्तम भाषेचा किंवा जास्तीत जास्त लिहिलेल्या ओळींचा नाही असे स्पष्ट सांगते. २००४ च्या वसंतात गूगलने आपल्या शोधसूचीची साफसफाई केली, तेव्हा जावा आणि सी प्लस प्लस या दोन्ही भाषांचे आकडे एकाएकी खाली आले. जगातल्या एकाही प्रोग्रॅमरने त्या आठवड्यात जावा सोडली नव्हती.

याहून बोलके उदाहरण सी या भाषेचे आहे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या या भाषेचा टिओबेवरील वाटा २०१७ च्या मध्यावर सुमारे साडेसहा टक्क्यांपर्यंत घसरला होता, आणि मे २०२० मध्ये हीच भाषा सुमारे १७ टक्के वाट्यानिशी पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. लिनक्सचा गाभा, गाड्यांतील नियंत्रक, वॉशिंग मशीनपासून वीजमीटरपर्यंतच्या उपकरणांतील छोटे प्रोसेसर यांमध्ये सीचे जे स्थान २०१७ मध्ये होते तेच २०२० मध्येही होते. तीन वर्षांत एवढी मोठी ओहोटी आणि भरती प्रत्यक्ष वापरात येणे अशक्यच. अशा वेळी मापपट्टीच सरकली असे समजणे अधिक शहाणपणाचे. याउलट पायथॉनची चढण मात्र सर्व मापपट्ट्यांवर दिसते आणि म्हणून ती विश्वासार्ह आहे. जवळजवळ वीस वर्षे पहिले स्थान जावा आणि सी यांच्यातच फिरत राहिल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉन तेथे पोहोचली आणि जुलै २०२५ पर्यंत तिचा वाटा २७ टक्क्यांच्या जवळ गेला, जो त्या निर्देशांकाच्या इतिहासात कोणत्याही भाषेला मिळालेला नव्हता.

इतर मापे आपापल्या परीने वेगळे काही मोजतात. पीवायपीएल ही क्रमवारी एखाद्या भाषेच्या ‘ट्युटोरियल’साठी गूगलवर किती शोध घेतले गेले ते पाहते, म्हणजे ती शिकणाऱ्यांची मोजदाद आहे, आणि तिच्यात भारताची आकडेवारी स्वतंत्रपणे दिलेली असते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या व्यासपीठाची पाहणी २०११ पासून दरवर्षी होते आणि तीत ज्यांना उत्तर द्यावेसे वाटते तेच मोजले जातात. २०२४ च्या पाहणीत ६२ टक्क्यांहून अधिक उत्तरदात्यांनी जावास्क्रिप्ट वापरत असल्याचे सांगितले, तर पायथॉन ५१ टक्क्यांवर होती. गिटहब या संकेतभांडाराचा अहवाल सार्वजनिक रीतीने ठेवलेल्या कामावर भर देतो. २०२४ मध्ये त्याने पायथॉनला जावास्क्रिप्टच्या पुढे दाखवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचीच काटेकोर आवृत्ती, सर्वांच्या पुढे गेल्याचे नोंदवले. यातले कोणतेही माप खोटे नाही. परंतु बँकेच्या कुलपाआड चालणारी जावा किंवा कारखान्याच्या नियंत्रकात भरलेली आज्ञावली गिटहबवर येत नाही, आणि पंधरा वर्षे एकाच भाषेत मुरलेला माणूस ‘ट्युटोरियल’ शोधत नाही, हेही तितकेच खरे. शिकणाऱ्यांचा प्रभाव तर इतका असतो की विद्यार्थ्यांच्या वापरातील भाषांविषयीचे प्रश्न सत्राबरोबर वाढतात आणि सुट्टीत ओसरतात. मुंबई विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षांचा हंगाम जवळ आला की कोणत्या भाषेचे शोध वाढतील हे अभ्यासक्रम हातात असलेला कोणीही आधीच सांगू शकेल.

भाषा वर का चढते, याचे उत्तर तिच्या व्याकरणाच्या सौंदर्यात क्वचितच सापडते. भाषा बहुधा एखाद्या यंत्राच्या किंवा मोठ्या कामाच्या पाठीवर बसून येते आणि ते यंत्र जिथे जाईल तिथे पोहोचते. मुंबईत याचे पुरावे फार जुने आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तेथे येणाऱ्या संशोधकांबरोबर फोरट्रान रुजली. कारण गणिती सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी लिहू देणारी भाषा त्या यंत्रासोबत मिळत होती. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये बरोज कंपनीचा संगणक आणला, तो सॉफ्टवेअर निर्यात करण्याच्या अटीवर, आणि त्या निर्यातीतले आरंभीचे काम हिशेबाच्या कोबोल आज्ञावली एका प्रकारच्या संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे होते. कोबोल ही १९५९-६० मध्ये व्यापारी कामासाठी ठरवण्यात आलेली, इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येणारी भाषा. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावली २००० साल उजाडताच गोंधळतील या धास्तीने पाश्चात्त्य कंपन्यांनी दुरुस्तीची कामे भारतात पाठवली, तेव्हा विद्यापीठे जिला म्हातारी समजू लागली होती त्या कोबोलचे क्लास पुन्हा भरले, आणि २००० ची जानेवारी सरताच ते रिकामेही झाले.

जावाला आधी ब्राउझरने आणि मग अँड्रॉइडने वाहून नेले. २०१९ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कोटलिनला अग्रक्रम दिला, त्यानंतर मोबाइल अॅप शिकवणाऱ्यांच्या पाट्या हळूहळू बदलू लागल्या. पायथॉन १९९१ मध्ये, म्हणजे जावाच्या चार वर्षे आधी, गुइडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केली होती आणि दीर्घकाळ ती प्रणाली सांभाळणाऱ्यांची मदतनीस म्हणूनच ओळखली जात होती. नमपाय, पांडाज यांसारखे तयार आज्ञावलींचे संच २००६ नंतर उभे राहिले, २०१५-१६ मध्ये टेन्सरफ्लो आणि पायटॉर्च हे यंत्रशिक्षणाचे संच आले, आणि आकडेमोड करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांपासून वैद्यकीय प्रतिमा तपासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच दार सोयीचे वाटू लागले. त्या संचांचा वेगवान गाभा बहुतांशी सी आणि सी प्लस प्लसमध्येच लिहिलेला आहे, ही गोष्ट क्रमवारीत कुठेच दिसत नाही.

आता वर्गात जाऊन पाहावे. उल्हासनगरचे श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय, जे सर्वांच्या तोंडी ‘सीएचएम’ आहे, आणि जवळचेच आर. के. तलरेजा महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे येथील भाषांची क्रमवारी टिओबे ठरवत नसून अभ्यास मंडळ ठरवत आले आहे. बीएस्सी माहिती तंत्रज्ञानाच्या २०१६-१७ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात सी, दुसऱ्यात सी प्लस प्लस, तिसऱ्यात पायथॉन, चौथ्यात जावा आणि पाचव्यात सी शार्पवर आधारित वेब प्रोग्रॅमिंग अशी चढण होती, तर शेजारच्याच संगणकशास्त्राच्या बीएस्सीला त्याच वर्षी पहिल्या सत्रापासून पायथॉन सुरू झाली. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच वर्षी दाखल झालेल्या दोन विद्यार्थ्यांची पहिली भाषा अशा रीतीने वेगळी निघाली. पायथॉन टिओबेवर पहिली होण्याच्या पाच वर्षे आधी ती मुंबई विद्यापीठात पहिल्या सत्रात पोहोचली होती, ही गोष्ट विद्यापीठे नेहमी मागेच असतात असे गृहीत धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

मात्र अभ्यासक्रमाच्या कागदावरील भाषा आणि प्रयोगशाळेतील भाषा यांत आणखी एक अंतर असते. महाराष्ट्रातील, किंबहुना भारतातील, असंख्य विद्यार्थ्यांनी सी पाहिली ती बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली. टर्बोचा हा कंपायलर १९९० च्या दशकारंभीचा, सोळा बिटांच्या डॉससाठी बांधलेला, आणि विंडोजच्या चौसष्ट बिटी आवृत्त्या आल्यावर तो थेट चालेनासा झाला, तेव्हा डॉसचे सोंग आणणारी दुसरी प्रणाली बसवून तिच्या आत तो चालवला जाऊ लागला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक अनेक पिढ्यांच्या दप्तरात राहिले, आणि आरंभी पडदा पुसणारी व शेवटी एक कळ दाबेपर्यंत थांबवून ठेवणारी अशा दोन टर्बोच्या खास सूचना विद्यार्थी सीच्याच समजून जर्नलमध्ये उतरवत राहिले.

या जुनेपणाचा परिणाम एका छोट्या प्रॅक्टिकलमध्ये डोळ्यांनी पाहता येतो. दिलेल्या संख्येचे क्रमगुणित काढा, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार करा, हे ठरलेले प्रॅक्टिकल. सातचे क्रमगुणित ५०४० येते आणि पडदा बरोबर उत्तर देतो. आठचे यायला हवे ४०,३२०, पण टर्बोमध्ये साध्या पूर्णांकासाठी सोळाच बिट राखलेले असल्यामुळे त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि उत्तर उणे २५,२१६ असे छापले जाते. तीच आज्ञावली आजच्या कंपायलरवर, जिथे पूर्णांकाला बत्तीस बिट मिळतात, बारापर्यंत सुखरूप चालते, आणि पायथॉनमध्ये शंभरचे क्रमगुणितही पूर्ण अंकांनिशी मिळते, कारण तिथे संख्येला लागेल तेवढी जागा दिली जाते. क्रमवारीत ‘सी’ या एकाच नावाखाली १९९१ ची सी आणि आजची सी एकत्र मोजल्या जातात.

वाणिज्य शाखेत ही कालविसंगती आणखी ठळक होती. तृतीय वर्ष बीकॉमच्या ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड अॅप्लिकेशन्स’ या ऐच्छिक विषयात २०१० च्या दशकाच्या अखेरीसही व्हिज्युअल बेसिक शिकवले जात होते. या भाषेची सहावी आवृत्ती १९९८ ची आणि तिच्या विकसनसाधनाला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार एप्रिल २००८ मध्येच संपलेला. हे निव्वळ दुर्लक्ष होते असे मात्र म्हणता येत नाही. पडद्यावर बटण ओढून आणावे, त्यावर दोनदा टिचकी मारावी आणि त्या बटणाने काय करायचे ते लिहावे, ही कल्पना हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तासाभरात कळते, आणि एक्सेलच्या आत बसलेली मॅक्रोंची भाषा तिची सख्खी बहीण असल्यामुळे शिकलेले वायाही जात नाही. पदवीनंतर ज्याला रोज एक्सेलच उघडायचे आहे, त्याच्या दृष्टीने रस्टसारख्या नव्या भाषेचे कौतुक दूरचेच.

नोकरीची बाजू पुन्हा वेगळी. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाल्यापासून बदलापूर-अंबरनाथच्या पदवीधराला ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोली या स्थानकांवर उतरता येऊ लागले आणि नवी मुंबईतील माहिती-तंत्रज्ञान संकुले रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात आली. बीएस्सीच्या पदवीधरांसाठी मोठ्या कंपन्यांनी चालवलेल्या प्रशिक्षणयुक्त भरतीत, टीसीएसच्या ‘इग्नाइट’मध्ये किंवा विप्रोच्या कामासोबत पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या योजनेत, भर असतो तो सामान्य तर्कक्षमतेवर, कोणत्या प्रकल्पावर नेमणूक होणार आणि तेथे कोणती भाषा लागणार हे उमेदवाराच्या आवडीवर क्वचितच सोपवले जाते. बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार यांच्या प्रणाली एकदा जावा आणि एसक्यूएल यांवर उभ्या राहिल्या की त्या दहा-वीस वर्षे हलत नाहीत. एसक्यूएल म्हणजे कोष्टकांत साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा. टिओबेने ती पुरेशी ‘पूर्ण’ नाही म्हणून अनेक वर्षे यादीबाहेर ठेवली होती आणि २०१८ मध्ये आत घेतली, पण मुलाखतीत तिच्यावर प्रश्न येणे त्याआधी थांबलेले नव्हते.

ज्या भाषांवर या पट्ट्यातील पैसा प्रत्यक्ष फिरतो, त्यांतल्या दोन तरी जागतिक क्रमवाऱ्यांच्या वरच्या भागात शोधूनही सापडत नाहीत. त्यांतली पहिली उल्हासनगरच्या बाजारात आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या आणि ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या शहराने कापड, जीन्स, फर्निचर, मिठाई, विजेच्या वस्तू असे व्यापार अक्षरशः शून्यातून उभे केले, आणि गजानन मार्केटपासून फर्निचर बाजारापर्यंत हिशेब संगणकावर आला तेव्हा सुरुवातीला तो डीबेस आणि फॉक्सप्रो यांतल्या, कोणीतरी ओळखीच्या मुलाने लिहून दिलेल्या आज्ञावलींवर आला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, पुढे काही नाही अशी घोषणा २००७ ची, आणि आधार संपला जानेवारी २०१५ मध्ये. तिची जागा घेतली टॅलीने. श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका या बंगळूरच्या पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेले हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आज व्यापारी पेठांच्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘टॅलीवाला’ हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

टॅलीच्या आत एक पूर्ण भाषा आहे, टॅली डेफिनिशन लँग्वेज, जिला या धंद्यातले लोक नुसते टीडीएल म्हणतात. तिची रचना सी किंवा जावासारखी क्रमाने सूचना देण्याची नसून मुख्यतः वर्णनाची आहे. आधी रिपोर्ट सांगायचा, रिपोर्टमध्ये फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन आणि लाइनमध्ये फील्ड, आणि शेवटी त्या फील्डमध्ये कोणता आकडा कुठून यावा ते लिहायचे. समजा जीन्सच्या घाऊक विक्रेत्याला बिलावर एकाच ओळीत कमरेच्या २८, ३०, ३२, ३४ अशा मापांचे नग वेगवेगळ्या रकान्यांत हवे आहेत, किंवा फर्निचरवाल्याला गाडी क्रमांकाशेजारी दलालाचे नाव हवे आहे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसली, तर टीडीएल जाणणारा माणूस त्या लाइनमध्ये आणखी फील्ड जोडतो, फाइल तयार करून टॅलीला लावतो, आणि दुकानाचे बिल दुकानाच्या रिवाजाप्रमाणे छापले जाऊ लागते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बिलाचे नमुने रातोरात बदलावे लागले आणि अशा माणसांना बोलावणी वाढली. एका कायद्याने एका भाषेची मागणी वाढवावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कोणत्या भाषेत सहज सापडणार नाही, आणि तरीही त्याची नोंद लोकप्रियतेच्या कोणत्याही आलेखात दिसत नाही.

दुसरी भाषा अंबरनाथची. १९५० च्या दशकात येथे आयुधनिर्माणी आणि यंत्रहत्यारे घडवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली; २०२१ च्या फेररचनेनंतर पहिली यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. आयुधनिर्माण्या, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची अंबरनाथ-बदलापूर परिसरातील क्षेत्रे आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्यामुळे लेथ आणि मिलिंग यंत्रांवर काम करणाऱ्यांची परंपरा येथे पक्की आहे. हाताने चाके फिरवून चालवायच्या लेथच्या जागी संगणकीय नियंत्रणाची, म्हणजे सीएनसी यंत्रे आली आणि कामगाराला भाषा शिकावी लागली. तिला जी-कोड म्हणतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले, त्या परंपरेतून ती आली, १९८० मध्ये तिचे अमेरिकी आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि आजही जपानच्या फॅनुकपासून जर्मनीच्या सीमेन्सपर्यंत बहुतेक नियंत्रक थोड्याफार फरकाने तीच समजतात.

पन्नास मिलिमीटर व्यासाच्या सळईचा चाळीस मिलिमीटर लांबीचा भाग अठ्ठेचाळीस व्यासाचा करायचा असेल, तर प्रोग्रॅममध्ये आधी ‘एम०३ एस१२००’ लिहून सळई मिनिटाला बाराशे फेऱ्यांनी फिरवली जाते, ‘जी०० एक्स४८. झेड२.’ या ओळीने हत्यार वेगाने कामाजवळ, पण अंगाला न लागता, येते, आणि ‘जी०१ झेड-४०. एफ०.२’ या ओळीने ते दर फेरीला ०.२ मिलिमीटर या गतीने कापत आत जाते. लेथवर एक्सचा आकडा व्यासाचा असल्याने येथे एका बाजूने फक्त एक मिलिमीटर धातू निघतो. आकड्यांनंतरची टिंबे छपाईची चूक नाहीत. अनेक फॅनुक नियंत्रकांवर दशांशचिन्ह न देता ‘एक्स४८’ लिहिले, तर यंत्र त्याचा अर्थ ४८ मिलिमीटर असा न घेता सर्वांत लहान एककाचे ४८, म्हणजे ०.०४८ मिलिमीटर असा घेते, हत्यार थेट सळईच्या मध्याकडे झेपावते, आणि मग हत्यार, सळई धरणारा चक आणि जॉब म्हणजे खुद्द सळई यांपैकी काय वाचेल ते नशिबावर. पायथॉनमध्ये चुकलेले टिंब पडद्यावर तांबडी ओळ दाखवते. येथे ते लोखंडात उमटते, म्हणून प्रोग्रॅम नवा असला की यंत्र लावून देणारा सेटर आधी जॉब न लावता ‘ड्राय रन’ घेतो आणि मग एकेक ओळ थांबवत पहिला नग काढतो.

शेजारच्या रासायनिक कारखान्यांत तिसराच प्रकार चालतो. तेथील पंप, झडपा आणि तापमान यांवर लक्ष ठेवणारे पीएलसी नावाचे नियंत्रक ‘लॅडर’ पद्धतीने प्रोग्रॅम केले जातात, ज्यात ओळी लिहायच्या नसून विजेच्या रिलेंची आकृती शिडीच्या पायऱ्यांसारखी काढायची असते. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत पहिला असा नियंत्रक बनला, तेव्हा कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला संगणक शिकवण्यापेक्षा संगणकालाच इलेक्ट्रिशियनची आकृती शिकवणे स्वस्त पडले, आणि ती युक्ती आजवर टिकली.

जी-कोड क्रमवारीत नाही याचे एक तांत्रिक कारणही दिले जाते. टिओबेच्या अटीप्रमाणे भाषा ‘ट्युरिंग-पूर्ण’ असली पाहिजे, म्हणजे अटी आणि आवर्तने यांच्या जोरावर कोणतीही गणनयोग्य गोष्ट तिला मांडता आली पाहिजे. म्हणून पाने सजवणारी एचटीएमएल बाहेर राहते, आणि साधा जी-कोडही. अट तर्काला धरून आहे. पण लोकप्रियता मोजायला निघालेल्या मापाने ती लावल्यामुळे महिन्याचा पगार ज्या लिखाणावर मिळतो, तेच लिखाण गणतीबाहेर जाते.

अलीकडे हाताने लिहिण्याचे प्रमाणच सर्वत्र बदलते आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवरील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घटली आणि त्या प्रश्नांवर आधारलेल्या मापांची एक बाजू लंगडी झाली. गिटहबवर टाइपस्क्रिप्ट वर गेली त्याचे एक कारण असे सांगितले जाते की, माहितीचे प्रकार आधीच तपासून घेणाऱ्या भाषेत कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुरातील चुका लवकर पकडता येतात. महाविद्यालयांत याची चर्चा अजून ‘मुले जर्नल स्वतः लिहितात का’ या पातळीवर आहे, जी अगदीच गैरलागू नाही.

अंबरनाथच्या कारखान्यांत मात्र हे वळण पूर्वीच येऊन गेले आहे. कॅम या नावाने ओळखली जाणारी सॉफ्टवेअरे नकाशावरून जी-कोडच्या हजारो ओळी आपोआप तयार करतात, आणि वाकड्यातिकड्या साच्यांची कामे हाताने लिहिणे केव्हाच मागे पडले आहे. त्यामुळे जी-कोड लिहिणारे कमी झाले, जी-कोडवर चालणारी यंत्रे मात्र वाढतच गेली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरच्या दुसऱ्या वर्षाला सीएनसीचा पार्ट प्रोग्रॅम आजही हाताने लिहायला शिकवतात, कारण संगणकाने पाठवलेल्या फाइलमध्ये हत्यार बदलण्याच्या जागी झेड पुरेसा मागे घेतला आहे की नाही, हे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला वाचूनच कळते, आणि पुण्याच्या किंवा चाकणच्या गिऱ्हाईकाने नकाशात अर्धा मिलिमीटर बदलला, तर ती एक ओळ पाळी संपण्याआधी त्यालाच नियंत्रकावर दुरुस्त करावी लागते.